ग्रब रेस्क्यू येतंय, मिंट पण उघडत नाही आणि विंडोज पण नाही, काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. लॅपटॉप २०११ सालचा आहे, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, त्यात विंडोज १० आणि लिनक्स मिंट दोन्ही सिस्टिम टाकल्यात, चालू करताना ग्रब नावाच्या प्रोग्रॅमच्या मेनूतून एक निवडायची. विंडोज फक्त श्रीलिपीतल्या जुन्या फाइल्ससाठी ठेवलंय, बाकी सगळं काम मिंटवर. आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक मीच लावते, ११२ पानं म्हणजे सात फॉर्म, त्यातले पाच स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधे लावून झालेत आणि ते सगळे मिंटच्या होम फोल्डरमधे आहेत. बॅकअप दोन आठवड्यांपूर्वीचा आहे, त्यात फक्त तीन फॉर्म.

झालं असं की काल विंडोजमधे होते, डी ड्राइव्ह पूर्ण भरला होता, पीडीएफ बनेना. म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर तिथे एक साधारण ८ जीबीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, दिसलं, त्याला नाव नाही, अक्षर नाही, रिकामंच वाटलं, ते डिलीट केलं. वाटलं ती जागा डी ला जोडता येईल, पण एक्स्टेंड व्हॉल्यूम करड्या रंगातच, क्लिकच होत नाही. मग सोडून दिलं, पीडीएफ पेन ड्राइव्हवर बनवून प्रेसला दिली, लॅपटॉप बंद केला.

आज सकाळी चालू केला तर काळी स्क्रीन आणि एवढंच:

एरर: नो सच पार्टिशन.
एंटरिंग रेस्क्यू मोड...
ग्रब रेस्क्यू>

आणि कर्सर लुकलुकतोय. विंडोज पण येत नाही. तीन वेळा बंद-चालू केला, तेच. माझ्या हातून मिंटचं पार्टिशनच उडालं का? पुढच्या सोमवारी उरलेले दोन फॉर्म द्यायचेत. कृपा करून कोणीतरी सांगा, आणि एक, सध्या हा एकच कॉम्प्युटर आहे, फोनवरून लिहितेय, लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालू करता येतं तो) बनवलेला नाही.

---

रात्रपाळी

ताई, घाबरू नका. माझं असंच झालं होतं. विंडोज १० ची इन्स्टॉलेशन डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह कुणाकडून तरी मिळवा, त्यातून बूट करा, रिपेअर युवर कॉम्प्युटर, ट्रबलशूट, कमांड प्रॉम्प्ट, आणि तिथे बूटरेक /फिक्सएमबीआर आणि मग बूटरेक /फिक्सबूट. रीस्टार्ट केलं की विंडोज सरळ उघडेल. माझं दहा मिनिटांत झालं होतं.

---

अनुस्वार

थांबा थांबा कृष्णाकाठ, कुठलीही कमांड देण्याआधी एक विचारते, मी पण पानं लावण्याचंच काम करते म्हणून जीव वरखाली झाला वाचून. ते डिलीट केल्यानंतर तुम्ही त्या जागेवर नवीन काही बनवलं का? न्यू सिंपल व्हॉल्यूम वगैरे? किंवा फॉरमॅट करा असा मेसेज आला होता आणि हो म्हणालात का? विंडोजला लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून तशा पार्टिशनला चुकून अक्षर दिलं तर ते विचारतं की डिस्क वापरायला फॉरमॅट करावी लागेल, आणि तिथे हो म्हटलं तर मात्र खरंच अवघड होतं. तसं केलं नसेल तर तुमचे पाचही फॉर्म जागेवर असण्याची शक्यता खूप आहे.

---

कृष्णाकाठ

नाही नाही, फक्त डिलीट व्हॉल्यूम केलं, नंतर काहीच बनवलं नाही, फॉरमॅट तर नाहीच. मिंटचं पार्टिशन मोठं होतं, १०० जीबीच्या आसपास, ते मी बघितल्याचं आठवतंय आणि त्याला हात लावला नाही. मग तरी का उघडत नाही?

रात्रपाळी दादा, धन्यवाद, डीव्हीडी मिळते का विचारते.

---

खटपट्या

कृष्णाकाठ ताई, डीव्हीडी शोधू नका, आत्ता तरी नको. तुम्ही एरर जशीच्या तशी लिहिलीत त्याचा खूप उपयोग झाला, नाहीतर लोक नुसतं लिनक्स चालू होत नाही म्हणतात. आधी काय झालंय ते सांगतो, मग उपाय, कारण कारण कळलं की हात थरथरत नाही.

२०११ चा लॅपटॉप म्हणजे चालू होण्याची बहुतेक जुनी बायोस पद्धत आणि एमबीआर डिस्क, म्हणजे पार्टिशनची यादी डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमधे. एमबीआरमधे प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त चारच करता येतात, म्हणून चौथं एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करतात आणि लिनक्समधे लॉजिकलचे नंबर ५ पासून सुरू होतात. तुमच्याकडे बहुधा १ विंडोजचं छोटं सिस्टिमचं, २ सी, ३ डी, ४ एक्स्टेंडेड, ५ स्वॅप आणि ६ मिंट असं असणार. ते बिननावाचं ८ जीबीचं म्हणजे मिंटचं स्वॅप. रॅम भरली की लिनक्स तिथे सांडलेलं ठेवतं, त्यात तुमची एकही फाइल नसते. ते गेलं एवढंच.

पण लॉजिकल पार्टिशनचे नंबर ओळीत येतात. ५ काढलं की मागचं ६ पुढे सरकतं आणि ५ होतं. रांगेतला एक माणूस बाहेर पडला की मागचा पुढे येतो तसं. मिंट आहे तिथेच आहे, डिस्कवर एक बाइट हललेली नाही, फक्त त्याचा नंबर बदलला. ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधे असतो, दुसरा त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधी. त्या दुसऱ्या तुकड्यात इन्स्टॉल करतानाच लिहून ठेवलेलं असतं की बाकीच्या फाइल्स ६ नंबरवर /बूट/ग्रब मधे आहेत. आता ६ नंबर नाहीच, म्हणून नो सच पार्टिशन. विंडोज पण त्याच मेनूतून उघडायचं, मेनूच येत नाही म्हणून ते पण अडकलं.

रात्रपाळींचा उपाय चुकीचा नाही, फिक्सएमबीआरने विंडोज येईल. पण ते पहिल्या सेक्टरमधला ग्रबचा कोड पुसून तिथे विंडोजचा कोड लिहितं, आणि तुमचे फॉर्म मिंटच्या बाजूला आहेत, विंडोजमधून ते दिसणार पण नाहीत. नंतर ग्रब परत टाकायला लाइव्ह पेन ड्राइव्ह लागेलच. म्हणजे एकाच्या जागी दोन कामं.

आता त्या रेस्क्यूच्या ओळीवरच करू. फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा. तिथे टॅब दाबून शब्द पूर्ण होत नाही, सगळं हातानेच. आधी फक्त

एलएस

लिहून एंटर. डिस्क आणि पार्टिशनची यादी कंसात येईल, ती इथे द्या. मग प्रत्येकाच्या आत डोकावायचं, उदाहरणार्थ

एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/

शेवटचा तिरका दांडा विसरू नका, तो नसेल तर फोल्डर दिसत नाहीत, फक्त फाइल सिस्टिमची माहिती येते. विंडोजच्या पार्टिशनवर अननोन फाइलसिस्टिम म्हणेल, ते बरोबर आहे, घाबरायचं नाही. जिथे होम, बूट, ईटीसी, यूएसआर अशी नावं दिसतील ते तुमचं मिंट. या कमांड फक्त वाचतात, डिस्कवर काही लिहीत नाहीत, चुकलं तर परत टाइप करा.

---

सिंधुकिनारा

मधेच विचारतो, सॉरी. हे २०२४ च्या विंडोज अपडेटमुळे झालं होतं तेच का? वाचलं होतं की अपडेटने लिनक्स बंद पाडलं लोकांचं.

---

खटपट्या

नाही, ते वेगळं. ती ऑगस्ट २०२४ ची गोष्ट, मायक्रोसॉफ्टच्या त्या महिन्याच्या सिक्युरिटी अपडेटनंतर सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचे प्रोग्रॅम उघडू देणारी सोय) चालू असलेल्या, दोन्ही सिस्टिम टाकलेल्या बऱ्याच मशिनवर लिनक्स उघडेना. पण तिथे मेसेज वेगळा यायचा, व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन, आणि मशिन बंद व्हायचं. जुन्या शिममधे (सिक्युअर बूटवर ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रबमधे सुरक्षेची भोकं होती म्हणून त्या अपडेटने त्यांच्यावर बंदी घातली, जुने बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उघडणारे हे प्रोग्रॅम, असलेले अडकले. ते यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटवाल्यांचं, ताईंच्या जुन्या बायोसमधे सिक्युअर बूट हा प्रकारच नाही. म्हणून म्हणतो की स्क्रीनवर काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर बघा, नुसती काळी स्क्रीन दहा वेगवेगळ्या कारणांनी येते.

---

कृष्णाकाठ

केलं. यादी अशी आली:

(एचडी०) (एचडी०,एमएसडॉस५) (एचडी०,एमएसडॉस३) (एचडी०,एमएसडॉस२) (एचडी०,एमएसडॉस१)

१, २, ३ वर अननोन फाइलसिस्टिम. आणि ५ वर लॉस्ट+फाउंड, ईटीसी, होम, बूट, यूएसआर, बरीच नावं आली!!! ते होम हे नाव बघून डोळ्यात पाणी आलं खरंच. ४ नाही आलं यादीत, ते ठीक आहे ना?

पण एक चूक केली, तुमचं उत्तर यायच्या आधी एका व्हिडिओत बघून सेट प्रीफिक्स वगैरे टाइप केलं होतं, त्यात एमएसडॉस६ होतं ते तसंच टाकलं आणि परत नो सच पार्टिशन आलं. त्याने काही बिघडलं असेल का?

---

खटपट्या

काही बिघडलं नाही, ते रॅममधेच असतं, बंद केलं की पुसलं जातं. ४ म्हणजे एक्स्टेंडेड, नुसती वेष्टणासारखी पेटी, ग्रब तिला दाखवत नाही.

मिंट ५ वर आहे हे नक्की झालं. आता या चार ओळी, एकेक लिहून एंटर:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबरच्या चिन्हाच्या मागेपुढे जागा सोडायची नाही. पहिल्या दोन ओळींना काहीच उत्तर येत नाही, गप्प राहतं, म्हणजे ठीक. तिसरीला नॉर्मल डॉट मॉड नॉट फाउंड म्हणालं तर पहिल्या ओळीत टायपिंग चुकलंय, परत लिहा. चौथीनंतर नेहमीचा मेनू यायला हवा. मेनूच्या आत पार्टिशन नंबरावरून नाही तर यूयूआयडीवरून शोधलं जातं, तो फाइल सिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक, नंबर सरकला तरी तो बदलत नाही, म्हणून मिंट उघडेल.

उघडलं की अजून काम संपलं नाही हे लक्षात ठेवा, कारण हे या एका वेळेपुरतंच आहे. रीस्टार्ट करायच्या आधी टर्मिनलमधे

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
सुडो अपडेट-ग्रब

एसडीए च्या पुढे आकडा लावायचा नाही, एसडीए५ नाही, नुसतं एसडीए, कारण ग्रब पूर्ण डिस्कच्या सुरुवातीला बसवायचंय, पार्टिशनमधे नाही. दुसऱ्या कमांडच्या उत्तरात विंडोजचं नाव सापडलं म्हणून दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमधे ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स अशी ओळ टाकून परत चालवा, त्यातलं बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या अक्षरांत. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं आपोआप होत नाही, लिनक्सचे काही प्रकार ते चालू ठेवतात, काही नाही.

---

अनुस्वार

आणि माझं एक ऐका, मिंट उघडलं की ग्रब-इन्स्टॉलच्याही आधी पेन ड्राइव्ह लावून ते पाच फॉर्म कॉपी करा. स्क्रायबसची फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, फोटो तिच्या आत नसतात, फक्त पत्ते असतात, म्हणून फाइल मेनूमधून कलेक्ट फॉर आउटपुट करा, त्यात फॉन्टच्या पर्यायावर खूण केली की फॉन्टसकट सगळं एका फोल्डरमधे येतं. मी एकदा मुखपृष्ठाचा फोटो असाच गमावलाय.

---

कृष्णाकाठ

मेनू आला!!! मिंट उघडलं!! पाचही फॉर्म आहेत, आधी पेन ड्राइव्हवर घेतले अनुस्वार ताई सांगतात तसे, मग ग्रबच्या दोन्ही कमांड दिल्या, विंडोज १० सापडलं असं पण आलं, रीस्टार्ट केलं आणि आता सरळ मेनू येतोय. खटपट्या दादा तुमचे किती आभार मानू कळत नाही.

एक राहिलंय. मिंट उघडायला आता खूप वेळ लागतो, आधी पाऊण मिनिट लागायचं, आता अडीच-तीन मिनिटं नुसता लोगो. लोगोवर एस्केप दाबलं तर अ स्टार्ट जॉब इज रनिंग असं काहीतरी आणि एक मिनिट तीस सेकंद असं मोजत होतं. त्याच्या आधी पण काहीतरी गेव्ह अप वेटिंग असं दिसलं. डिस्क खराब होतेय का?

---

खटपट्या

डिस्क नाही, मिंट त्या गेलेल्या स्वॅपची वाट बघतंय. दोन ठिकाणी त्याचं नाव लिहिलेलं आहे. आधी बूटच्या सुरुवातीला इनिटरॅमएफएस, म्हणजे रॅममधे आधी चढणारी छोटी सिस्टिम, बघतं की हायबरनेट केलेलं काही स्वॅपमधे आहे का, अर्धा मिनिट थांबतं आणि गेव्ह अप म्हणतं. मग सिस्टिमडी, म्हणजे मिंटमधली बाकीची कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, एफएसटॅब या पार्टिशनच्या यादीच्या फाइलमधे वाचून तेच पार्टिशन शोधतं आणि ९० सेकंद थांबतं, ती एक मिनिट तीस सेकंदांची मोजणी म्हणजे हीच.

सुडो नॅनो /ईटीसी/एफएसटॅब उघडा, ज्या ओळीत स्वॅप शब्द आहे फक्त त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका. बाकीच्या ओळींना हात लावू नका, तिथे रूटची ओळ पण असते, ती गेली तर परत इथेच भेटावं लागेल. कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. मग /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम ही फाइल उघडा, असेल तर तिच्यातली ओळ बदलून, नसेल तर नवीन करून, तिच्यात एवढंच ठेवा: रिझ्यूम=नन, त्यातलं रिझ्यूम मोठ्या अक्षरांत. शेवटी सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू.

४ जीबी रॅमवर स्वॅप नसणं बरं नाही, ब्राउझर आणि स्क्रायबस एकत्र उघडलं की अडकेल. पण नवीन पार्टिशन करू नका, साधी फाइल पुरते. सुडो फॅलोकेट -एल २जी /स्वॅपफाइल, मग सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल, सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल, सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल. एफएसटॅबच्या शेवटी एक ओळ: /स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०. फ्री -एच दिलं की स्वॅपपुढे २ जीबी दिसेल.

त्या मोकळ्या ८ जीबीचं आत्ता काहीच करू नका. ती जागा एक्स्टेंडेडच्या पोटात आहे म्हणून डी ला जोडता आली नाही, डी प्रायमरी आहे. दिवाळी होऊ दे, अंक लोकांच्या हातात जाऊ दे, मग लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्रॅममधे बघू.

---

सिंधुकिनारा

माझं पण विचारून घेतो. नवीन लॅपटॉप आहे, यूईएफआय, बायोस अपडेट केल्यापासून सरळ विंडोज उघडतं, ग्रबचा मेनूच नाही. एरर काहीच नाही. फिक्स काय? आणि मिंट वापरून विंडोजमधे आलं की घड्याळ साडेपाच तास मागे असायचं, ते पण सुटलं नाही कधी.

---

खटपट्या

तुमच्याकडे ग्रब गेलेलं नाही, फक्त बूटचा क्रम बदललाय. यूईएफआयमधे बूटलोडर ईएफआय नावाच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनमधे फाइल म्हणून असतो, आणि कुठली फाइल आधी उघडायची ते मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेलं असतं, बायोस अपडेटने ते पुसलं जाऊ शकतं. चालू करताना एफ१२ किंवा एफ९, कंपनीप्रमाणे वेगळं, बूट मेनू येईल, त्यात उबुंटू दिसतंय का बघा. मिंट असलं तरी नाव उबुंटूच असतं. त्यातून उघडा आणि सुडो ईएफआयबूटएमजीआर देऊन नंबर बघा, मग -ओ लावून उबुंटूचा नंबर पहिला, विंडोजचा दुसरा. बूट मेनूत उबुंटू नसेलच तर लाइव्ह मिंटमधे बूट रिपेअर आधीपासून असतं, ते चालवा.

घड्याळाचं असं की लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं आणि विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं, आणि आपली वेळ यूटीसीच्या बरोबर साडेपाच तास पुढे. मिंटमधे टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ द्या, सुटेल. भारतात उन्हाळ्यात वेळ बदलत नाही त्यामुळे आपल्याला याचा पुढे त्रास नाही, अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांनी विंडोजच्या बाजूने बदललेलं बरं.

---

रात्रपाळी

खटपट्या, हे नंबर सरकायचं मला माहीत नव्हतं. माझं काम विंडोजमधेच होतं म्हणून फिक्सएमबीआरने माझं भागलं, ताईंचं काम दुसऱ्या बाजूला आहे हे मी विचारायला हवं होतं. ताई, डीव्हीडी आणायला लावली नाही हे बरं झालं.

---

कृष्णाकाठ

रात्रपाळी दादा, असं काही मनात आणू नका, पहिलं घाबरू नका तुम्हीच म्हणालात.

एफएसटॅब आणि रिझ्यूमचं केलं, रिझ्यूमची फाइल होती, त्यात जुना लांबलचक यूयूआयडी होता तो काढला. आता लोगो येऊन ५० सेकंदांत लॉगिन. फ्री -एच मधे स्वॅप २ जीबी. वाचनालयातल्या एका मुलाने मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह पण बनवून दिलाय, त्याच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवला. डी वरचे जुने स्कॅन बाहेरच्या डिस्कवर काढले, ६० जीबी मोकळे झाले, आधीच हे करायला हवं होतं.

सहावा फॉर्म उघडलाय, कवितांची पानं आहेत. रात्री बसते.